शेलूची केजी आणि फ्रेंचचा वर्ग

कॅनडातल्या ज्या घरांत इंग्रजी बोलली जाते, त्यांतली बरीच मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी 'फ्रेंच इमर्शन' नावाच्या वर्गात बसू लागतात. घरी इंग्रजी, वर्गात मात्र गोष्ट, गणित, चित्रकला, डबा उघडण्याच्या आणि हात धुण्याच्या सूचना, सगळं फ्रेंचमधून. या वर्गांच्या पुष्कळ शिक्षिका दर आठवड्याला पालकांना एक चिठ्ठी पाठवतात, या आठवड्यात वर्गात काय झालं हे सांगणारी. तीत काय असतं? वारांची नावं, आज ऊन आहे की पाऊस, दहापर्यंतचे आकडे, चार-पाच रंग, एखाद्या अक्षराचा आवाज, ऋतूला धरून एखादा विषय आणि एक गाणं. पुढच्या आठवड्यात पुन्हा वार, पुन्हा हवामान, पुन्हा आकडे. गाणं तेवढं नवं. हे वर्ग तिथे सरकारी शाळांतच चालतात, त्यांना वेगळी फी नसते. आपल्याकडे फी भरणाऱ्या पालकाच्या हाती अशी चिठ्ठी पडली, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात जाऊन उभा राहील.

कारण शेलूतलं त्याच वयाचं मूल सिनियर केजीत असतं आणि त्याच्या दप्तरात बरंच काही असतं. शेलू हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचं वांगणी आणि नेरळ यांच्या मधलं स्टेशन. मुंबई-ठाण्यात घर घेणं ज्यांना झेपत नाही, अशी कुटुंबं गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातल्या नव्या इमारतींत राहायला आली. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या गुजराती. मूळ गावकऱ्यांची बोली वेगळी, आसपासच्या ठाकूरवाड्यांतली आणि कातकरीवाड्यांतली त्याहून वेगळी. या सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, की ऐपत असेल तर मूल इंग्रजी माध्यमात घालायचं. मग केजीच्या वहीत कॅपिटल आणि स्मॉल लिपीतली सव्वीस अक्षरं, शंभरपर्यंतचे आकडे, त्यातल्या निम्म्यांची स्पेलिंगं, फळांची आणि भाज्यांची नावं, 'माय सेल्फ'च्या पाच ओळी. कागदावर पाहिलं तर शेलूचं मूल कॅनडातल्या मुलाच्या वर्षभर पुढे आहे. हे पुढे असणं खरं नाही आणि ते का खरं नाही हे नीट समजून घेतलं, तर माध्यमाच्या आपल्याकडच्या वादातला बराच गोंधळ दूर होतो, असं माझं म्हणणं आहे.

इमर्शनची सुरुवात 1965 साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात झाली. क्वेबेक हा फ्रेंचबहुल प्रांत. पण मोठे धंदे, बँका आणि वरच्या जागा बराच काळ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होत्या. साठच्या दशकात वारं फिरलं आणि इंग्रजी बोलणाऱ्या काही पालकांच्या ध्यानात आलं, की शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचचा तास होऊनही आपल्या मुलांना शेजाऱ्याशी धड चार वाक्यं बोलता येत नाहीत. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लागून एक प्रायोगिक बालवर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांचा सल्ला त्यांनी घेतला होता आणि पुढे लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी या मुलांची दरवर्षी चाचणी घेतली. (गावाच्या आणि प्राध्यापकांच्या नावातलं साम्य हा निव्वळ योगायोग.) एका बाजूला इंग्रजी शाळेत शिकणारी इंग्रजी मुलं, दुसऱ्या बाजूला फ्रेंच शाळेत शिकणारी फ्रेंच मुलं आणि मधोमध हा प्रायोगिक वर्ग, अशी तुलना. 1972 साली त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष थोडक्यात असा, की या मुलांची इंग्रजी बिघडली नाही. सुरुवातीला इंग्रजी वाचनात ती मागे दिसली, पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर भराभर बरोबरीला आली. गणितात तोटा झाला नाही. आणि फ्रेंच त्यांना नुसता तास घेणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली समजू लागली.

आपल्याकडे इंग्रजी माध्यमाची तरफदारी करणारे या प्रयोगाचं नाव घेतातच असं नाही, पण त्यांचा युक्तिवाद तोच असतो: मुलाला लहानपणीच परक्या भाषेत ठेवा, ते आपोआप शिकतं, नुकसान काही होत नाही. पुरावाही तसा दिसतो. म्हणूनच हा पुरावा कोणत्या अटींवर उभा आहे ते पाहावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे वर्गातल्या बाईंना मुलांची भाषा कळत होती. बालवर्गातलं मूल इंग्रजीत म्हणालं, की मला तहान लागली आहे, तर बाई ते समजून घेत आणि उत्तर फ्रेंचमधून देत. मुलाला गप्प बसवलं जात नव्हतं. दंड नव्हता, 'नो इंग्लिश'ची पाटी गळ्यात घालणं नव्हतं. फ्रेंच बोलण्याची अपेक्षा पुढच्या इयत्तेत हळूहळू वाढवली जाई. दुसरी गोष्ट, वर्गातलं प्रत्येक मूल सारखंच कोरं होतं. कुणाच्या घरी फ्रेंच नव्हती, त्यामुळे बाई जे बोलत ते सगळ्यांना समजेल अशाच बेताने बोलत: हातवारे करून, चित्र दाखवून, तीच वाक्यं रोज त्याच वेळी म्हणून. वार, हवामान आणि आकडे दर आठवड्याला परत येतात ते याचसाठी. 'आज मंगळवार आहे, बाहेर ऊन आहे, वर्गात अठरा मुलं आहेत' हे वाक्य मुलाने वर्षात दीडशे-दोनशे वेळा खिडकीबाहेर बघत ऐकलेलं असतं. त्याचा अर्थ त्याला कुणी भाषांतर करून सांगितलेला नसतो आणि सांगावा लागतही नाही. जे मुलाला आधीच माहीत आहे त्याच्यावर नवी भाषा चढवायची, ही या चिठ्ठीमागची सगळी युक्ती आहे. पाच वर्षांच्या मुलाला ऊन-पाऊस माहीत असतो, रंग दिसत असतात, बोटं मोजता येत असतात. नवं असतं ते एकच, भाषा. एका वेळी एकच नवी गोष्ट.

तिसरी अट सर्वांत मोठी आणि ती वर्गाबाहेरची आहे. या मुलांची स्वतःची भाषा इंग्रजी होती. घरात पुस्तकं इंग्रजी, दूरदर्शन इंग्रजी, रस्त्याच्या पलीकडे सगळं उत्तर अमेरिका इंग्रजी. शाळेने ती शिकवली नाही तरी ती कुठे जाणार नव्हती, आणि तरीही शाळेने ती शिकवली. सेंट लँबर्टच्या योजनेत बालवर्ग आणि पहिली पूर्ण फ्रेंचमधून होती. दुसरीपासून इंग्रजी वाचन-लेखनाचा रोजचा तास सुरू झाला आणि वरच्या वर्गांत इंग्रजीचा वाटा वाढत वाढत निम्म्याच्या घरात गेला. म्हणजे ज्याला आपण 'संपूर्ण परक्या भाषेतलं शिक्षण' समजतो, ते मुळात दोन भाषांतलं शिक्षण होतं. पालक मध्यमवर्गीय होते, मुलाला रात्री गोष्ट वाचून दाखवणारे होते, आणि वर्ग आवडला नाही तर मूल शेजारच्या इंग्रजी वर्गात परत नेण्याची त्यांना मुभा होती.

हे सगळं असूनही यश पुरं नव्हतं, हे प्रयोगाच्या कौतुकात हमखास गळतं. इमर्शनची मुलं फ्रेंच छान समजत, पण सहा-सात वर्षांनंतरही बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या त्याच त्याच चुका करत. कॅनडातल्याच अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 साली यावर बोट ठेवलं: मुलं वर्गात ऐकतात भरपूर, स्वतः मोठी वाक्यं मात्र फारशी रचत नाहीत, भाषा नुसती कानावर पडून पक्की होत नाही, ती वापरावी लागते. उत्तम शिक्षक आणि सुशिक्षित पालक असताना ही गत. आता शेलूकडे पाहा.

स्टेशनलगतच्या वस्तीत निघालेल्या कमी फीच्या इंग्रजी शाळेत यातली कोणती अट पुरी होते? बाईंना मुलांची भाषा येते, पण ती वापरणं कमीपणाचं समजलं जातं. स्वतः बाईंची इंग्रजी बहुधा पुस्तकापुरती असते. हा त्यांचा दोष नाही, तुटपुंज्या पगारावर अस्खलित इंग्रजी बोलणारी शिक्षिका मिळत नसते. मग दिवसभर मुलाभोवती जी इंग्रजी असते ती जिवंत बोलणं नसते. फळ्यावरून उतरवलेले शब्द आणि 'सिट डाउन', 'कीप क्वाएट', 'ओपन युवर बुक' एवढ्या आज्ञा, इतकीच ती असते. पाठ समजावून सांगायची वेळ आली की बाई मराठी-हिंदीत शिरतात आणि परीक्षेची वेळ आली की उत्तरं इंग्रजीतून पाठ करून घेतात. मुलाच्या वाट्याला मराठी येते ती तोंडी आणि अर्धवट, इंग्रजी येते ती लेखी आणि न समजलेली. याला इमर्शन म्हणता येत नाही. त्याचं फळ इमर्शनचं येईल ही आशा त्यामुळे निराधार आहे.

खुद्द मॉन्ट्रियल शहर हा फरक किती नेमकेपणाने ओळखतं ते पाहण्यासारखं आहे. क्वेबेकच्या 1977 च्या भाषा कायद्याप्रमाणे बाहेरून स्थायिक व्हायला आलेल्या कुटुंबांच्या मुलांनी, मोजके अपवाद सोडले तर, फ्रेंच शाळेतच जायचं असतं. पुण्याहून तिथे गेलेल्या मराठी कुटुंबाच्या मुलालाही हा नियम लागतो. या मुलाला फ्रेंचचा गंध नसतो, इंग्रजी घरातल्या मुलालाही तो नसतो. पण दोघांना एका पद्धतीने शिकवलं जात नाही. बाहेरून आलेल्या मुलासाठी 'स्वागत वर्ग' असतात, जिथे त्याच्यासारख्याच नवख्या मुलांबरोबर आधी फ्रेंच शिकवली जाते आणि मग ते नेहमीच्या वर्गात मिसळतं. असं का? कारण ज्याची भाषा बाहेर कुणी बोलत नाही, ज्याच्या आईवडिलांना शाळेची भाषा येत नाही आणि ज्याला परतीचा पर्याय नाही, त्याला तयार वर्गात नुसतं बसवून दिलं तर ते भाषाही शिकत नाही आणि विषयही. अमेरिकेत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांना इंग्रजी येत नसताना बाकीच्यांसारखंच इंग्रजी वर्गात बसवलं जाई. तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम, मग भेदभाव कुठे झाला, असं शाळेच्या बाजूचं म्हणणं. 1974 साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात न्यायालयाने ते नाकारलं. वर्गात काय चाललं आहे हे ज्याला समजतच नाही, त्याला समान शिक्षण मिळालं असं म्हणता येत नाही. शेलूचं मूल या चिनी मुलाच्या जागी आहे, सेंट लँबर्टच्या मुलाच्या जागी नाही.

वाचनाची बाजू तर याहून बिकट आहे. वाचायचं म्हणजे अक्षरांतून शब्द उच्चारायचा आणि तो उच्चार ओळखीचा असल्यामुळे अर्थ लागायचा. दोन्हींपैकी एक जरी शून्य असलं तरी वाचन शून्य. देवनागरीत अक्षराचा उच्चार जवळपास ठरलेला, एकदा बाराखडी बसली की न पाहिलेला शब्दही मूल वाचतं. इंग्रजीचं तसं नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, सेमूर आणि सहकाऱ्यांच्या युरोपातल्या तुलनेत पहिलीच्या अखेरीस फिनिश, जर्मन, इटालियन, ग्रीक मुलं परिचित शब्दांपैकी 95 टक्क्यांच्या वर बरोबर वाचत होती, फ्रेंच मुलं 79 टक्के; आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारी स्कॉटलंडची मुलं अवघे 34 टक्के. दोष मुलांचा नव्हे, स्पेलिंगचा. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही जी लिपीव्यवस्था दुप्पट-अडीचपट वेळ लावते, ती आपण अशा मुलाची पहिली लिपी करतो ज्याला शब्द वाचता आला तरी त्याचा अर्थ माहीत नसतो. मग शाळेला सोपा मार्ग एकच उरतो, स्पेलिंगचं पाठांतर. केजीच्या वहीचं वजन तिथून येतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा, की पालक काही वेडे नाहीत. इंग्रजीवर नोकरी मिळते हे त्यांनी लोकलच्या डब्यात रोज पाहिलेलं आहे. मराठीचं प्रेम सांगणाऱ्या वक्त्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात हेही त्यांना माहीत आहे. यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. शिक्षणाची ओढ शेलूच्या तालुक्याला नवी नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी स्वातंत्र्याच्या आधी इथल्या खेड्यांत ऐच्छिक शाळा काढल्या तेव्हा शेतकऱ्यांनी पोरं पाठवली होतीच. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाहीच. इंग्रजी यावी म्हणून गणित, भूगोल आणि गोष्टीही इंग्रजीतूनच शिकाव्या लागतात का, हा आहे. नायजेरियातल्या इफे इथे 1970 सालापासून याचीच परीक्षा झाली. एका गटाने सहाही वर्षं प्राथमिक शिक्षण योरुबा या आपल्या भाषेतून घेतलं आणि इंग्रजी हा विषय म्हणून, पण ती चांगली येणाऱ्या शिक्षकाकडून शिकला. दुसरा गट नेहमीप्रमाणे तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात गेला. पहिला गट बाकी विषयांत सरस ठरला आणि इंग्रजीतही मागे पडला नाही. उलट दिशेचा दाखला मलेशियाचा. तिथे 2003 पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली, आपल्या 'सेमी इंग्लिश'सारखीच. खेड्यातली मुलं मागे पडत असल्याचं पाहून 2009 साली सरकारने तो निर्णय फिरवला. पालकांचं उद्दिष्ट बरोबर आहे, त्यासाठी निवडलेला रस्ता आडवाटेचा आहे.

दुसरा आक्षेप: लहान मुलं भाषा पटकन उचलतात, शेलूच्या इमारतींत खेळणारी पोरं बघा, वर्षभरात हिंदी बोलू लागतात. खरं आहे, कारण हिंदी खाली पटांगणात खेळताना बोलली जाते. इंग्रजीत भांडणारं, रुसणारं, डाव मागणारं दुसरं मूल शेलूत सापडत नाही. शिवाय खेळण्यापुरती भाषा आणि पुस्तकाची भाषा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कॅनडातच जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही मुलं चोवीस तास इंग्रजी देशात राहत होती. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं अधिक महत्त्वाचं. एका भाषेत नीट वाचायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत नेतं. कारण समजून घेणं, मथितार्थ काढणं, क्रम लावणं हे पुन्हा शिकावं लागत नाही. पहिल्या भाषेत ते शिकलंच नसेल तर न्यायचं काय?

तिसरा आक्षेप चतुर आहे: मुंबईतल्या चांगल्या इंग्रजी शाळांतली मराठी मुलं उत्तम शिकतात, मग माध्यमाला दोष का? तिथल्या घरांकडे पाहिलं की उत्तर मिळतं. आईवडील इंग्रजी वाचणारे, कपाटात पुस्तकं, बाई इंग्रजीत सहज बोलणारी. म्हणजे सेंट लँबर्टच्या अटी तिथे पैशाने विकत घेतलेल्या असतात. फी कमी करून शाळा खाली आणता येते, या अटी येत नाहीत.

मराठी शाळांची बाजू घेणाऱ्यांनी इथे टाळ्या वाजवायचं कारण नाही, कारण हाच न्याय त्यांनाही लागतो. शेलू-नेरळच्या डोंगरउतारावरच्या वाडीतलं ठाकर किंवा कातकरी मूल जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत येतं तेव्हा त्याची स्थिती काय असते? कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या बोलीत घर, झाड, शिकार, नातीगोती यांचे शब्द आणि क्रियापदांची रूपं पुस्तकी मराठीपेक्षा निराळी असतात. या मुलालाही पहिल्या दिवसापासून परक्या भाषेतलं पुस्तक मिळतं आणि बाईंना त्याचं बोलणं कळत नाही; इंग्रजी शाळेत निदान बाईंना मुलाची भाषा कळते तरी. 'ती मराठीचीच बोली आहे, त्यात काय एवढं' हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण अडचण त्यामुळेच लपते. भाषा पूर्ण वेगळी असती तर शिक्षकाने मानलं असतं की मुलाला समजत नाही. जवळची असली की तो मानतो की मूल ढ आहे किंवा लक्ष देत नाही. आगरी घरातलं मूलसुद्धा 'पाणी'चं 'पानी' आणि 'डोळा'चं 'डोला' लिहितं तेव्हा त्याने ऐकलेला आवाज अगदी अचूक लिहिलेला असतो. वहीत लाल फुली मात्र पडते.

कातकरी मुलं शाळेत टिकत नाहीत याला भाषा हे एकटं कारण नाही, हेही लगेच म्हटलं पाहिजे. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघून जातात, मूल बरोबर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. पण वर्षातले निम्मे महिनेच ज्याला शाळा मिळते, त्याचे ते महिने न कळणाऱ्या भाषेत घालवणं ही चैन शाळेला परवडायला नको. यावर काय करावं हे महाराष्ट्राला शिकायला बाहेर जावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या मुलांच्या अंगणात जाऊन, तिथल्या बिया, पानं, शंख-शिंपले हाताशी घेऊन. मुलाला माहीत असलेल्यापासून सुरुवात करायची, हा कॅनडाच्या चिठ्ठीतला धडा तिथे वीस वर्षं आधीच गिरवला जात होता. ओडिशाने 2006-07 पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले, आधी घरची भाषा आणि मग पायरीपायरीने उडिया व इंग्रजी. 'शिक्षक एवढ्या बोली कुठून शिकणार' असं विचारलं जातं. एका शाळेला एवढ्या बोली लागत नाहीत, एक किंवा दोन लागतात. आणि अंगणवाडी सेविका नियमानेच स्थानिक रहिवासी असते. जिथे ती वाडीतलीच बाई आहे, तिथे मुलाची भाषा बोलणारी शिक्षिका सरकारच्या पगारपत्रकावर आधीच आहे. पहिलीच्या वर्गात तिचा तास का नसावा?

कायद्याकडून याचा निकाल लागेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. शिक्षणहक्क कायदा मातृभाषेतून शिक्षण 'शक्य तोवर' द्यावं म्हणतो, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत 'शक्य तिथे' म्हणतं, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं, की सरकार मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही, निवड पालकांची. ते एका परीने बरंच झालं. सक्तीने मराठी शाळा भरल्या असत्या, सुधारल्या नसत्या. मुंबई इलाख्यात हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. 1840 च्या दशकात शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते आणि जगन्नाथ शंकरशेट सामान्य मुलांसाठी देशी भाषांचा. शंकरशेट इंग्रजीचे वैरी नव्हते, एल्फिन्स्टन संस्थेचे ते आधारस्तंभ होते. दोन्ही हवं, पण क्रमाने, ही त्यांची भूमिका पेरींच्या भूमिकेपेक्षा आजच्या संशोधनाला अधिक जवळची आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ती सुधारायची तर कॅनडाच्या बालवर्गाची चिठ्ठी जशीच्या तशी उचलावी: रोज अर्धा तास, पुस्तक बंद, वार, हवामान, आकडे, रंग, एक गाणं, तीच वाक्यं वर्षभर आणि मुलाने मराठीत किंवा ठाकरीत उत्तर दिलं तरी चालेल. लिहायची घाई दुसरीच्या आत करू नये. यासाठी अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक लागत नाही. शे-दीडशे वाक्यं बिनचूक आणि न अडखळता बोलणारा लागतो, आणि तेवढं प्रशिक्षण तालुक्याच्या पातळीवर देता येतं. इंग्रजी शाळा चालवणाऱ्यांनीही हेच करावं आणि केजीतलं लेखन निम्म्याने कमी करावं. पालक कुरकुरतील, त्यांना कारण समजावून सांगणं हे शाळेचंच काम आहे.

आणि पालकांनी पुढच्या वर्षीचा प्रवेश घेताना फीच्या कागदाबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात. आमचं मूल वर्गात मराठीत किंवा हिंदीत बोललं तर बाई काय करतात? घरच्या भाषेचं वाचन कितवीपासून आणि आठवड्यातून किती तास शिकवता? या आठवड्यात वर्गात मुलांनी इंग्रजीतून आपण होऊन काय म्हटलं, पाठ केलेलं सोडून? पहिल्या प्रश्नाला 'आम्ही वर्गात मराठी बोलूच देत नाही' असं अभिमानाचं उत्तर आलं आणि तिसऱ्याला उत्तरच आलं नाही, तर ती फी वाचवा आणि जवळच्या मराठी शाळेत जाऊन तिथे इंग्रजीचा तास रोज होतो की नाही तेवढं पाहून या.